'कडीबंद ट्रंक'चं दहावं मत

…आन् वरून मलाच म्हणतात, भीमराज, मत तर तूच मागितलं व्हतं. मागितलं, कबूल. पण मागितलं म्हणून माणसानं इतकं द्यावं का? तुमाला सांगतो, एकोणीस वर्षं झाली मी सेनगावच्या वाचनालयात ग्रंथपाल हाये. या एकोणीस वर्षांत लोकानं पुस्तकावर चहा सांडला, पुस्तकात खूण म्हणून तुरीची शेंग ठेवली, एकानं तर दात कोरायची काडी ठेवली तशीच, वापरलेली, आन् मी शब्द काढला न्हाई. पुस्तक हाये, वापरात हाये, खराब व्हणारच. पण मत… मत इचारू नये माणसाला.

झालं काय, दोन हजार चारची संक्रांत होऊन गेलेली. औरंगाबादच्या एका प्रकाशकाचं पार्सल आलं यष्टीनं. उघडलं तर एकाच कादंबरीच्या पाच प्रती, फुकट. सोबत पत्र. पत्रात काय, तर ही कुमारांसाठीची रहस्यकथा हाये, आपल्या दहा वाचकांची मतं एका वहीत लिहून पाठवा, त्यातलं चांगलं मत पुढच्या आवृत्तीच्या मागच्या पानावर छापू. मला काय वाटलं, आपल्या सेनगावचं नाव छापून येतंय, येऊ दे. दोनशे पानी वही आणली, वर माह्या हातानं लिहिलं, 'आपले मत येथे लिहावे', आन् टेबलावर सुतळीनं बांधून ठेवली. पेन पण बांधला. एवढाच माहा गुन्हा.

कादंबरीचं नाव 'कडीबंद ट्रंक'. गोष्ट सांगतो थोडक्यात, म्हणजे पुढची तकलीफ तुमाला कळंल. केतकी नावाची एक पोरगी, पंधरा वर्षांची. तिचा आजोबा लई कडक. त्यानं आपल्या लेकीला, म्हणजे केतकीच्या आत्याला, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून घराबाहेर काढलेलं, आन् सांगितलेलं की या घरात तिचं नाव काढायचं न्हाई. घरचे म्हणले, बरं. आता ही केतकी एक दिवस माळ्यावरची ट्रंक उघडती, तर आत आत्याची साडी, आन् साडीखाली घातलेला पेपर मागच्याच महिन्याचा. म्हणजे कुणीतरी आताच ठेवली. मंग ती पोरगी माग काढती. तर कळतं काय, की आत्या तीन गल्ल्या सोडून राहाती, आन् तिची आजी रोज दोन तास देवळात म्हणून जाती ती लेकीकडंच जाती, बापाला ठाऊक, आईला ठाऊक, काकाला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. बारा वर्षं सगळं घर आजोबाला फसवून राहिलं, आन् आजोबा आपला पाटावर बसून भाकरी खाऊन राहिला.

मी वाचली एका बैठकीत. आन् पयलं मत मीच लिहिलं, ग्रंथपाल म्हणून. काय लिहिलं? लिहिलं, 'भाषा चांगली. परंतु कथानक अशक्य. एका घरातील चार माणसे बारा वर्षे खोटे बोलतात आणि घरच्या कर्त्या पुरुषाला पत्ता लागत नाही, असे घडूच शकत नाही. लेखकाने वाचकांना खुळे समजू नये.' खाली सही, भीमराज खिल्लारे, शिक्का.

दुसरं मत अल्लाबक्षचं. अल्लाबक्ष म्हणजे वाचनालयाला लागून त्याचं शिलाईचं दुकान, आमची तीस वर्षांची उठबस. त्यानं पुस्तक वाचलं काजं करता करता, आन् वही घेऊन बसला तर लिहिना. म्हणलं, लिही की. म्हणला, "भीमराजभाऊ, तुम्ही लिहिलं ते खोडा."

"काहून?"

"होता है भाऊ. ऐसा होता है. घर म्हणलं की होतं."

"अल्लाबक्ष, बारा वर्षं?"

"बारा राहू द्या. आठ महिने समजा."

आता हे आठ महिने कुठून आले, इचारावं का न्हाई मी? न्हाई इचारलं. मला वाटलं, काजं मोजता मोजता आकडा तोंडात आला आसंल. त्यानं लिहिलं, 'किताब अच्छी है, आजोबावर रहम आला,' आन् माह्याकडं असं बघितलं, जसं कापड कमी पडल्यावर गिऱ्हाइकाकडं बघतात.

तिसरं गुलाबचंद शेठजीचं. त्यांचं कापडाचं दुकान. हा माणूस पुस्तकाचं शेवटचं पान अगोदर वाचतो, मंग पयलं, आन् मधलं वाचत न्हाई. म्हणतो, "ग्रंथपालसाहेब, मधी काय असतं, नुसतं लांबण." त्यांचं मत, 'शेवट चांगला, सुरुवात चांगली.' लिहून झाल्यावर माह्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणले, "त्या आजोबावाणी होऊ नका, साहेब. घरी लक्ष देत जा." म्हणलं, शेठजी, तुमी तर मधलं वाचलंच न्हाई, तुमाला आजोबा कुठं भेटला? तर हसले आन् गेले.

चौथं अनुसयाबाईचं. रिटायर शिक्षिका, मराठी शिकवायच्या. त्यांनी चार पानं लिहिली, शुद्धलेखनाच्या सतरा चुका पान नंबरासहित, आन् मला म्हणल्या, "भीमराज, तुझ्या मतात 'अशक्य' हा शब्द हाये, तो बदल. 'दुर्मिळ' लिही. न्हाई तर नुसतं 'मला ठाऊक नाही' लिही, ते जास्त बराबर व्हईल." मला राग आला. मी म्हणलं, बाई, ज्याचं त्याचं मत. बाई म्हणल्या, "व्हय बाबा, ज्याचं त्याचं." आन् हे म्हणताना बाईचा आवाज असा मऊ, जसा पास न व्हणाऱ्या पोरापुढं काढतात.

असं एकेक करत नऊ झाली. माहं सोडलं तर आठच्या आठ जण त्या आजोबाची कीव करून राहिले, आन् कीव करताना बघून राहिले माह्याकडं. मत इचारू नये माणसाला, तुमाला सांगतो. मत पुस्तकावर मागावं तर देतात आपल्या तोंडावर.

दहावं मत मिळंना. एक दिवस वही घरी नेली, म्हणलं जरा शुद्ध करून लिहू, आन् तशीच कपाटावर ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन उघडली, तर दहावं मत लिहिलेलं. नाव न्हाई. खाली नुसतं 'एक वाचक'. मला वाटलं, कालच कुणीतरी लिहून गेलं, माहं लक्ष नसंल. आन् तुमाला सांगतो, ते मत वाचून मी खुर्चीत नीट बसलो. पाठ हाये मला:

'आजोबांना कोणी फसवले नाही. आजी रोज दोन तास कोठे जाते, हे त्यांनी बारा वर्षांत एकदाही विचारले नाही. ज्या घरात कोणी विचारत नाही, त्या घरात खोटे बोलावे लागत नाही. गप्प बसले तरी पुरते.'

बस, एवढंच. अक्षर गोल, जरा जपून काढलेलं, आन् एक खोड अशी, की ओळ सगळी लिहून झाली की वरची रेघ एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे शब्द संपला तरी तुटत न्हाई. दोरीवर कपडे वाळत घातल्यावाणी सगळी ओळ टांगलेली. मी अल्लाबक्षला वाचून दाखवलं. म्हणलं, हे लिहिणारं माणूस शिकलेलं हाये, प्रोफेसर आसंल. अल्लाबक्षनं सुईत दोरा ओवला, पुन्हा काढला, पुन्हा ओवला, आन् म्हणला, "भाऊ, पाठवून द्या वही. लवकर पाठवा." पाठवली.

आता घरचं सांगतो. घरी मी, माही बायको पद्माबाई, आन् पोरगी साक्षी, ती तवा अकरावीला. पद्मा गेल्या जूनपासून शिवण शिकून राहिली व्हती. रोज दुपारी दोन तास, अल्लाबक्षच्या घरी, त्याच्या पोरीजवळ, अफशीनजवळ. अफशीन आन् आमची साक्षी एका वर्गातल्या, त्यामुळं साक्षी पण जायची. आता तुमीच सांगा, बाई आठ महिने शिवण शिकती, आन् घरात उशीचा एक अभ्रा येत न्हाई, तर माणसाच्या ध्यानात यावं का न्हाई? माह्या सदऱ्याचं बटण तुटलेलं, ते जूनला तुटलेलं, मार्चला पण तुटलेलंच. मी टाचणी लावून फिरलो. पण इचारलं न्हाई.

मार्चमधी पद्मा म्हणली, जनकाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये, मोतीबिंदू, मी हिंगोलीला जाऊन राहाते पंधरा-वीस दिवस. जनकाबाई म्हणजे तिची थोरली बहीण. म्हणलं, जा. आठ दिवसांनी मला काम निघालं हिंगोलीत, म्हणलं बघून यावं, बरं दिसत न्हाई. मोसंबी घेतली आन् गेलो जनकाबाईच्या घरी. दार उघडंच. जनकाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडून राहिली. तांदळातले खडे, बारीक, चिमटीनं. मला बघितलं आन् झटक्यात कमरेला खोवलेला काळा चष्मा काढून डोळ्यावर चढवला, आन् हात पुढं करून चाचपडत म्हणली, "कोण ते? भाऊजी व्हय का? आवाजावरून ओळखलं."

मी तर अजून तोंड पण उघडलं नव्हतं.

म्हणलं, पद्मा कुठंय? म्हणली, "औषध आणायला." चार तास बसलो. औषध काय येईना. जनकाबाईनं चष्म्यावरून बघून मला चहा करून दिला, साखर बराबर. आन् मी, एकोणीस वर्षं रहस्यकथा वाचून राहिलेला माणूस, ज्यानं पानावर पेन्सिलनं खूण करून ठेवावी की खुनी हा, तो मी निघताना तिला म्हणलो, "आक्का, डॉक्टर चांगला दिसतो."

व्हय. असं म्हणलो.

मंग आला मे महिना. प्रकाशकाचं पत्र आलं. लिहिलं व्हतं, आपल्याकडची दोन मतं छापायला घेतली. एक ते 'एक वाचक' यांचं, पण नाव कळवा, नावाशिवाय छापत न्हाई. दुसरं ग्रंथपाल खिल्लारे यांचं, कारण दोन मतं एकाखाली एक वाचायला मजा येती. मजा. बरं. मी लागलो शोधाला. सभासदांचे सगळे फॉर्म काढले, तीनशे अकरा, एकेकाचं अक्षर त्या मताच्या नकलेशी लावून बघितलं… नक्कल म्हणजे, ते मत मला इतकं आवडलं व्हतं की वही पाठवायच्या अगोदर झेरॉक्स काढून भिंतीला लावलं व्हतं. सगळं गाव येऊन वाचून जायचं, आन् कुणी बोलंना. अनुसयाबाईला म्हणलं, बाई, तुमच्या हाताखालून निम्मं सेनगाव गेलं, हे अक्षर कुणाचं? बाई म्हणल्या, "घरी दाखवून बघ." म्हणलं, घरी कशाला, घरी कोण लिहितं. बाईनं पुस्तकात तोंड घातलं.

मत इचारू नये, तसं अक्षर पण इचारू नये.

एका सकाळी मी दाढीचं पाणी घेऊन परसात बसलेलो. पावसाच्या अगोदर पद्मा भाजीचं बी काढून बघती दरवर्षी, किडलं का चांगलं हाये. तिनं डबा उपडा केला. कागदाच्या लहान लहान पुड्या, सुतानं बांधलेल्या. एक पुडी घरंगळत माह्या पाटाजवळ आली. उचलली. वर लिहिलेलं, 'दोडका मागच्या सालचा'. आन् वरची रेघ एका दमात, 'दोडका'पासून ते 'सालचा'पर्यंत. कपडे वाळत घातल्यावाणी.

दुसरी पुडी घेतली. 'गवार लवकर येणारी'. तिसरी, 'कारले शिरडहून आणलेले'. शिरड शहापूर तिचं माहेर. दरसालची नवी पुडी, म्हणजे बावीस वर्षं ते अक्षर माह्या घरात, माह्या पाटाजवळ, माह्या भाजीत. मी अर्ध्या गालाला साबण लावून तसाच बसलो.

म्हणलं, "पद्मा, वहीत तू लिहिलं?"

ती गवारीचं बी फुंकून राहिली व्हती. म्हणली, "कोणत्या वहीत?"

"दहावं मत."

तिनं साक्षीला हाक मारली. साक्षी दारात आली, माह्याकडं बघितलं, पुडीकडं बघितलं, आन् म्हणली, "आई, कळलं वाटतं." जसं दूध उतू गेलं वाटतं म्हणावं तसं.

मंग एकेक निघालं. शिवण न्हाई, दहावी. साक्षी दहावी पास झाली त्याच जूनमधी तिचीच पुस्तकं घेऊन हिनं सुरुवात केली. आठवीतून शाळा सुटलेली, तो दाखला शिरडहून जनकाबाईच्या मालकानं आणला, सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याचा तो फॉर्म, हिंगोलीचं केंद्र. भूमिती अफशीन शिकवायची, इंग्रजी साक्षी, मराठी अनुसयाबाई. अल्लाबक्ष दुकानातून लक्ष ठेवायचा, मी वाचनालयातून उठलो की पोराबाळांना सांगून घरी निरोप. मी मोसंबी घेऊन बसलो व्हतो त्या दिवशी बीजगणिताचा पेपर. गुलाबचंद शेठजीनं परीक्षेसाठी म्हणून पांढरी साडी दिली. म्हणजे मधलं न वाचणाऱ्या माणसाला पण मधलं सगळं ठाऊक. सेनगावात ठाऊक नसलेला माणूस एक. आन् त्यानं शिक्का मारून लिहून दिलेलं, की असं घडूच शकत न्हाई.

राग आला का? आला. खोटं काहून बोलू. मी म्हणलं, "मला सांगायला काय झालं व्हतं? मी ग्रंथपाल माणूस, मी न्हाई म्हणलो असतो का?"

पद्मानं पुड्या डब्यात भरल्या. सगळ्या, एकेक करून. मंग म्हणली, "तुमी नवीन नोकरीला लागले, तवा एक पुस्तक घरी आणलं व्हतं. मी वाचलं. रात्री तुमाला वाढता वाढता म्हणलं, यातली सासू मला खरी वाटली न्हाई. तुमी म्हणले, 'तुझं मत कुणी इचारलं?'"

"मी असं म्हणलो?"

"अंबाडीची भाजी व्हती त्या दिवशी. तुमी दुसऱ्यांदा घेतली."

म्हणलं, मला खरंच आठवत न्हाई. आजपण आठवत न्हाई. अंबाडीची भाजी मी नेहमीच दुसऱ्यांदा घेतो, त्यावरून काय कळणार? पण ती काही भांडणाच्या आवाजात न्हाई बोलली. बी किती उरलं ते सांगावं तसं बोलली. म्हणलं, "मंग वहीत काहून लिहिलं?"

म्हणली, "वर लिहिलं व्हतं ना, 'आपले मत येथे लिहावे'. तुमच्याच हातचं व्हतं. मला वाटलं, आता इचारून राहिले, तर लिहावं."

तुमाला सांगतो, माह्या गालावरचा साबण वाळला व्हता. साक्षी आत गेली. परसात आमी दोघंच. मी एकोणीस वर्षांत हजारो लोकायला पुस्तकं दिली, हे घ्या, हे चांगलं हाये, वाचून सांगा कसं वाटलं… आन् घरात एक वाचक बसलेला, त्याला सांगितलं गप बस. वाळलेला साबण पुसला. शेवटी म्हणलं, "ती सासू… ती मला पण खरी वाटली नव्हती."

ती म्हणली, "आठवत न्हाई म्हणले ना तुमी?"

बघा. इथंपण सापडलो.

त्याच दिवशी प्रकाशकाला नाव कळवलं. पद्माबाई भीमराज खिल्लारे. माहं मत काढून टाका, असंपण लिहिणार व्हतो, तर पद्मा म्हणली राहू द्या, लोकायला मजा येती. जूनमधी निकाल लागला. साक्षी गेली बघायला, मी न्हाई गेलो. ज्या परीक्षेचा मला पत्ता नव्हता तिच्या निकालाची मला इतकी धास्ती, की अल्लाबक्षच्या दुकानात बसून मी त्याच्या चिंध्यांच्या घड्या घातल्या. साक्षी सायकलवरून आली. बावन्न टक्के. मराठीत त्र्याहत्तर. गणितात काठावर, म्हणजे अगदी काठावर, एक पाय पाण्यात. अल्लाबक्षनं मशीन थांबवली आन् डोळे पुसले, आन् मला म्हणला, "भाऊ, अब तो बटन लगाऊं?" आन् माह्या सदऱ्याचं बटण लावून दिलं.

मला वाटलं, संपलं. दहावी झाली, आता बाई शांत बसंल. तर तिनं आणला अकरावीचा फॉर्म. वयाची अट न्हाई म्हणले प्राचार्य, इचारून आली. म्हणजे साक्षी बारावीला आन् तिची आई अकरावीला, एकाच कॉलेजात. साक्षी म्हणली, "पप्पा, गॅदरिंगला मी हिला आई म्हणून हाक मारायची न्हाई आन् हिनं मला पोरी म्हणून न्हाई, असं ठरलंय." म्हणलं, ठरवा, मला काहून सांगता. सांगायची सवय लागून राहिली म्हणली.

फॉर्म माह्यापुढं ठेवला. पालकाची सही पायजे. मी पेन काढला, तर पद्मा म्हणली, "वाचून करा." बरं. चष्मा लावला, वाचत गेलो. विद्यार्थ्याचे नाव, बराबर. जन्मतारीख, बराबर. पालकाचे नाव, भीमराज. पालकाचा व्यवसाय, ग्रंथपाल. खाली रकाना, पालकाचे शिक्षण. त्यात तिनं, त्या गोल अक्षरात, लिहिलेलं:

'चालू आहे.'

दोनदा वाचलं. चूक काढावी म्हणलं, तर चूक सापडंना.

केली सही.